'पुण्याला आयटीत आहे' म्हणजे नेमका कोठे?

सणवार संपला की भूमच्या बसस्थानकावर पाठीवर बॅग अडकवलेली मुले पुण्याच्या एसटीची वाट पाहताना दिसतात. भूमला रेल्वे नाही. आगगाडी हवी असेल तर आधी बार्शी गाठावी लागते. त्यामुळे गाव सोडण्याचा क्षण येथे एसटीच्या दारातच येतो. निरोप द्यायला आलेल्या वडिलांना कोणी विचारले, "पोरगं काय करतंय सध्या?" तर उत्तर ठरलेले असते, "पुण्याला आयटीत हाय."

या उत्तरात अभिमान असतो आणि तो योग्यच आहे. परंतु 'आयटीत आहे' या दोन शब्दांत दोन निरनिराळी जगे दडलेली आहेत. एका जगात तरुण हेडफोन लावून दूरच्या ग्राहकाची तक्रार ऐकतो आणि पडद्यावर लिहिलेली उत्तरे वाचून दाखवितो. दुसऱ्या जगात तो संगणकांचे जाळे, सर्व्हर वा प्रणाली स्वतः उभारतो, सांभाळतो, दुरुस्त करतो. घरच्यांना हा फरक ठाऊक नसतो. पुष्कळदा तो त्या तरुणालाही उशिरा, तिशी ओलांडल्यावर कळतो. पहिल्या जगातून दुसऱ्या जगात कसे जाता येईल आणि ही गोष्ट आज एवढी निकडीची का झाली आहे, याचा विचार आपण या लेखात करू.

खव्याचे गाव आणि महिन्याचा पगार

बालाघाटाच्या डोंगररांगेतील भूम तालुका अवर्षणाला सरावलेला आहे. शेती बेभरवशाची, म्हणून घरोघरी दुभती जनावरे आणि दुधाचा खवा हा येथील मोठा आधार. तालुक्यातील कुंथलगिरीचा पेढा व खवा दूरवर प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील विकासात मागे राहिलेल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत या जिल्ह्याचा समावेश झाला. पाणी नाही म्हणून रडणाऱ्या याच भागात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने भूम व परंडा तालुक्यांत हाहाकार उडविला. उभी पिके गेली, शेतातील माती गेली, गोठ्यातील जनावरे गेली. अशा घराला दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा पगार किती मोलाचा असतो, हे शहरात बसून समजणार नाही. म्हणून कॉल सेंटरच्या नोकरीला कोणी तुच्छ लेखू नये. त्या पगारातून बहिणींची लग्ने झाली आहेत, दवाखान्याची बिले भरली गेली आहेत.

या व्यवसायाचा इतिहासही आता जुना झाला. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपल्या कार्यालयीन कामासाठी मुंबईत एक केंद्र सुरू केले. तेच पुढे डब्ल्यूएनएस या नावाने स्वतंत्र कंपनी झाले. २००० नंतर मुंबई-पुण्यात अशा कंपन्यांची रीघ लागली. अमेरिकेतील दिवस म्हणजे आपली रात्र, म्हणून आपली मुले रात्री जागू लागली. गावाकडचा श्याम रात्री 'सॅम' झाला. त्यातच 'टेक्निकल सपोर्ट' नावाचा एक विभाग होता. मोडेम, प्रिंटर, ई-मेल यांच्या तक्रारी तेथे सोडविल्या जात. संगणकाशी संबंध आला म्हणून हा विभाग आयटीचा दरवाजा वाटू लागला. तो दरवाजा आहेही. पण दारात उभे राहणे म्हणजे घरात शिरणे नव्हे.

एकच तक्रार, दोन उत्तरे

फरक समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. ग्राहक म्हणतो, "माझ्या संगणकावर कोणतीही वेबसाइट उघडत नाही."

पहिल्या फळीतला, म्हणजे 'एल-वन'चा कर्मचारी पडद्यावरील सूचना वाचतो : मोडेम बंद करा, थोडे थांबा, पुन्हा सुरू करा, वायर नीट बसली आहे का पाहा. एवढ्याने भागले तर उत्तम. नाही तर तक्रारीचे 'टिकेट' वरच्या फळीकडे पाठवून तो पुढचा कॉल घेतो.

दुसऱ्या फळीतला कर्मचारी वेगळा प्रश्न विचारतो : बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे? तो आधी संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहतो. विंडोजच्या संगणकावर तो पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे तो बहुधा ओळखतो. शोध संगणक आणि राउटर यांच्या दरम्यान घ्यायचा. पत्ता ठीक असेल, तर तो 'पिंग' ही आज्ञा देऊन बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला त्याच्या अंकी पत्त्यावर हाक मारतो. अंकांना उत्तर येते, पण नावाने वेबसाइट उघडत नाही, असे दिसले तर संशय डीएनएसवर जातो. डीएनएस म्हणजे नावावरून अंक शोधून देणारी इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी. जोडणी शाबूत आहे, डिरेक्टरी बिघडली आहे. मग मोडेम दहा वेळा बंद-सुरू करून काय उपयोग?

तक्रार तीच, ग्राहक तोच. एकाने कृती केली. दुसऱ्याने कारण शोधले. आयटीच्या दोन जगांमधील सीमारेषा ती हीच. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने आयटी सेवांसाठी 'आयटिल' नावाची कार्यपद्धती तयार झाली; आज जगभरच्या कंपन्या ती वापरतात. त्या पद्धतीतही 'इन्सिडेंट' आणि 'प्रॉब्लेम' या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. बंद पडलेली सेवा लवकर सुरू करून देणे, हे इन्सिडेंटचे काम. ती पुन:पुन्हा बंद का पडते याच्या मुळाशी जाणे, हे प्रॉब्लेमचे काम. कॉल सेंटरमध्ये पहिल्याचा सराव रोज होतो. दुसऱ्याची सवय मात्र स्वतःलाच लावून घ्यावी लागते.

माणूस अडकतो कोठे?

ही सवय लागत नाही याचा सगळा दोष तरुणांना देणे अन्यायाचे होईल. कामाची रचनाच तशी आहे. कॉल सेंटरमध्ये कर्मचाऱ्याचे मोजमाप प्रामुख्याने एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेवरून होते. जो कारण शोधत बसेल त्याचा वेळ वाढेल, आणि वेळ वाढला की टीम लीडरची कानउघाडणी. म्हणजे शिकण्याची उत्सुकता हाच तेथे दोष ठरू शकतो.

दुसरी अडचण बढतीच्या जिन्याची. चांगले काम करणाऱ्यास दोन-तीन वर्षांत टीम लीडर किंवा क्वालिटी विभागातील पद देऊ केले जाते. पगार वाढतो, गावी पेढे वाटले जातात. हा जिनाही प्रामाणिक आहे. परंतु तो माणसे व आकडे सांभाळण्याचा आहे, तंत्रज्ञानाचा नव्हे. त्या जिन्यावर पाच वर्षे चढलेल्या माणसाला तांत्रिक कामाकडे वळायचे तर पगार कमी करून खाली उतरावे लागते. तोवर घराचा हप्ता सुरू झालेला असतो. म्हणून जिना निवडण्याचा निर्णय पहिल्या दोन वर्षांतच विचारपूर्वक घ्यावयास हवा.

तिसरी अडचण रात्रपाळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाची 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' अशा गटात नोंद केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. पण त्याआधी रोजची गोष्ट आहे ती झोपेची. सकाळी खोलीवर परतलेल्या मुलाच्या हाती पुस्तक धरण्याची ताकद उरत नाही. चौथी अडचण पदवीची. नामांकित कंपन्या कॅम्पस भरतीच्या वेळी अभियांत्रिकीची पदवी आणि दहावीपासूनचे गुण पाहतात. तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.ए., बी.कॉम. झालेला मुलगा त्या चाळणीतून गळतो. त्याच्यापाशी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने त्या अभ्यासक्रमाद्वारे खेड्यापाड्यांत संगणक पोहोचविला, हे त्याचे श्रेय. परंतु ते प्रमाणपत्र संगणक वापरता येतो एवढेच सांगते. संगणक सांभाळता येतो असे नाही.

पहिली पायरीच निखळू लागली आहे

कालपर्यंत हा प्रश्न प्रगतीचा होता. आज तो टिकण्याचा झाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि लिखित सूचनांवरून उत्तरे देण्याचे काम यंत्र करू शकते, हे जगाने पाहिले. एप्रिल २०२४ मध्ये टीसीएसचे मुख्याधिकारी के. कृतिवासन यांनी 'फायनान्शियल टाइम्स'ला दिलेल्या मुलाखतीत, कॉल सेंटरची गरज पुढे फारच थोडी उरेल, असे मत मांडले. जुलै २०२५ मध्ये त्याच कंपनीने सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या पदांवरील लोक होते. आणि १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती डब्ल्यूएनएस? २०२५ मध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीने ती सुमारे ३.३ अब्ज डॉलर्सला विकत घेतली आणि या खरेदीचे प्रमुख कारण म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सेवांचा उल्लेख केला.

याचा अर्थ उद्याच सारे फोन यंत्रे घेतील असा नव्हे. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला यांत्रिक सहायक ७०० माणसांइतके काम करतो, असे गाजावाजाने सांगितले होते; २०२५ मध्ये मात्र सेवेचा दर्जा घसरल्याची कबुली देऊन तिने पुन्हा माणसे घेण्यास सुरुवात केली. या दोन्ही घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. लिहिलेले उत्तर वाचून दाखविणारा माणूस नकोसा होत आहे. गुंतागुंतीची तक्रार समजून घेऊन तिच्या मुळाशी जाणारा माणूस अजून हवा आहे. यंत्र आधी पहिल्या फळीचे काम घेते. तेथे चार-पाच वर्षे निवांत काढण्याचे दिवस सरले आहेत.

मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव का निवडले हे कार्डिनलांना सांगताना तेराव्या लिओंच्या १८९१ मधील 'रेरुम नोवारुम' या कामगारविषयक परिपत्रकाची आठवण करून दिली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने माणसाची प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी केल्याचे म्हटले. तेव्हा गिरणीतला कामगार डोळ्यांसमोर होता. आज त्याच जागी हेडफोन लावलेला आपला मुलगा आहे.

पुढचा रस्ता

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे आहे त्या जागेवरूनच शिकावयास सुरुवात करावी. आपण वर पाठविलेल्या टिकेटचे पुढे काय झाले, ते कोणत्या उपायाने बंद झाले, हे वाचावे. बहुतेक ठिकाणी तशी नोंद उपलब्ध असते. नसल्यास वरच्या फळीतील सहकाऱ्यास जेवणाच्या सुट्टीत विचारावे. एक वही ठेवावी आणि रोज एका तरी तक्रारीपुढे तिचे कारण लिहावे. वर्षभरात ती वही कोणत्याही क्लासच्या नोट्सपेक्षा मोलाची होईल, कारण ती स्वतःच्या अनुभवातून आलेली असेल.

दुसरी गोष्ट, एकच दिशा निवडावी. टेक्निकल सपोर्टच्या सर्वांत जवळचे दोन रस्ते म्हणजे नेटवर्क आणि सिस्टीम प्रशासन. नेटवर्कसाठी सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा १९९८ पासून चालू आहे आणि तिचा अभ्यासक्रम पाया पक्का करणारा आहे. सर्व्हरच्या कामासाठी लिनक्स शिकावे. लिनक्स फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते, बिघडले तर पुन्हा बसविता येते. मोडून-जोडून शिकण्यासाठी यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा नाही. हे हाती आले की क्लाउड, म्हणजे दूरच्या माहितीकेंद्रातील भाड्याचे सर्व्हर, समजणे सोपे जाते. प्रोग्रामिंगची भीती बाळगू नये. सर्व्हरची डिस्क भरत आली की आपोआप सूचना पाठविणारी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिता आली, तरी माणूस सूचना वाचणाऱ्याचा सूचना लिहिणारा झाला.

तिसरी गोष्ट, शिक्षणासाठी कर्ज काढण्याआधी फुकट काय मिळते ते पाहावे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, पायथन इत्यादींचे छोटे पाठ विनामूल्य आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटेल'वर २००३ पासून व्याख्याने जमा होत आली आहेत; ऐकण्यास पैसे लागत नाहीत. पदवीची उणीव भरून काढायची असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, आणि २०२० पासून आयआयटी मद्रासचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात प्रवेश संयुक्त परीक्षेच्या गुणांवर अवलंबून नसून स्वतंत्र पात्रता-फेरीतूनही मिळू शकतो.

चौथी गोष्ट, बाहेर उडी मारण्याआधी आत पाहावे. मोठ्या कंपन्यांत रिकाम्या जागा आधी आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी जाहीर होतात. त्यास 'आयजेपी' म्हणतात. ठरावीक काळ पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो. आपले काम पाहिलेला वरिष्ठ तेथे पदवीपेक्षा वही पाहण्याची शक्यता अधिक. आणि मुलाखतीला जाताना आपल्या हेडफोनच्या वर्षांची लाज बाळगू नये. चिडलेल्या माणसाचे शांतपणे ऐकून घेणे, त्याच्या अर्धवट वर्णनातून खरा प्रश्न ओळखणे, तो स्पष्ट इंग्रजीत लिहिणे, ही कौशल्ये अनेक हुशार अभियंत्यांपाशी नसतात.

सावधानतेचा इशारा

या वाटेवर फसवणूक करणारेही बसले आहेत. 'शंभर टक्के नोकरी' असे सांगून लाखभर रुपये घेणारे क्लास आणि त्यासोबत दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे खोटे प्रमाणपत्र देणारे दलाल, अशी ही साखळी असते. गावाकडचा बाप म्हैस विकून हे पैसे भरतो. अशा प्रमाणपत्राचा खोटेपणा आज सहज उघड होतो, कारण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून कोण कोठे केव्हा नोकरीस होता हे पडताळता येते. एकदा पकडले गेले की नोकरी तर जातेच, नावही जाते. खोटेपणा पाप आहे हे आपण जाणतोच. येथे तो शुद्ध तोट्याचा व्यवहारही आहे.

तशीच सावधानता यशोगाथांच्या बाबतीत हवी. शेजारच्या बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात ऑफिस बॉय होते. ग्राफिक्स व अॅनिमेशन शिकून त्यांनी पुढे 'डूग्राफिक्स' ही स्वतःची कंपनी उभी केली. ही कहाणी खरी आहे, आपल्याच मातीतली आहे आणि मुलांना अवश्य सांगावी. परंतु ती सांगून 'तो करू शकला, तुला काय झाले?' असा टोमणा मारू नये. दादासाहेबांनी एकट्याने काट्यांतून वाट काढली. इतरांना तशी काढावी लागू नये, हे पाहणे समाजाचे काम आहे.

आपण काय करू शकतो?

पहिले देणे पैशांचे नाही, वेळेचे आहे. रोज दीड तास आणि सुमारे दीड वर्ष, एवढा अवधी निर्धाराने मिळाला तर माझ्या मते साधारण बुद्धीचा मुलगाही पहिल्या फळीतून दुसऱ्या फळीत जाऊ शकतो. तो दीड तास त्याला मिळू द्यावा. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक बारशा-साखरपुड्याला त्याने गावी आलेच पाहिजे, हा हट्ट सोडावा. शिकण्यासाठी त्याने थोड्या कमी पगाराची तांत्रिक जागा घेतली, तर 'एवढी वर्षे काढून पगार घटला?' असे विचारण्याऐवजी वर्षभर घरखर्चाची ओढाताण सोसावी. मुलींच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे. त्यांच्या लग्नाची घाई आणि शिकण्याची वर्षे नेमकी एकाच वेळी येतात.

दुसरे देणे जागेचे व सोबतीचे. पुण्या-मुंबईच्या आपल्या धर्मग्रामांत आठवड्यातील बहुतेक दिवस सभागृहे रिकामी असतात. आठवड्यातून दोन दिवस तेथे चार टेबले, वीज आणि इंटरनेट मिळाले, आणि आयटीतील एखादा अनुभवी धर्मग्रामस्थ तासभर येऊन बसला, तर एका खोलीत सहा-सहा जण राहणाऱ्या मुलांना केवढा आधार होईल! तेथे येणाऱ्याचा धर्म कोणी विचारू नये. भूमचा मुलगा भूमचा आहे, एवढे पुरे.

भूमच्या घराघरांत एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते. दूध काढले की ते तसेच ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत विकले नाही तर नासते. म्हणून कढई चढवितात, जाळ सांभाळतात, दूध करपू नये म्हणून सतत ढवळत राहतात. तेव्हा कोठे खवा होतो, तो दूर जातो आणि त्याला भाव येतो. हेडफोन लावून काढलेल्या वर्षांचेही तसेच आहे. तो अनुभव ताजा आहे तोवर आटवून घ्यावा लागतो. जाळ मुलांनी घालावा. पण कढईजवळ त्यांना एकटे सोडू नये. पुढच्या वेळी बसस्थानकावर 'पुण्याला आयटीत हाय' हे उत्तर ऐकू आले, की कौतुक करून झाल्यावर आणखी एक प्रश्न आपुलकीने विचारावा : "सध्या नवं काय शिकतोय?"